बदामाचं बटण, बेदाण्याचं दुकान

"अरे, बदाम तर दिसतोय, पण याद्या कुठं गेल्या?"

मार्च महिना, रात्रीचे साडेअकरा. मेसची पातळ आमटी केव्हाच जिरलेली आणि आमच्या रूममध्ये एका लॅपटॉपसमोर तीन डोकी. प्रश्न विचारणारा माझा रूम पार्टनर. गाव कवठे महांकाळ तालुक्यात, घरी द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड. आदल्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून त्याच्या घरच्या बेदाण्याचं छोटंसं ऑनलाइन दुकान थाटलं होतं. नवा माल शेडवरून उतरला होता आणि ज्यांनी ज्यांनी हिरव्या बेदाण्यासमोरचा बदाम दाबला होता, त्यांना "माल आला बरं का" असं कळवायचं होतं. उघडून बघतो तर यादी शून्य!

बदाम म्हणजे खायचा नव्हे, पत्त्यातला. ऑनलाइन दुकानात वस्तूच्या फोटोशेजारी असतो तो. दाबला की वस्तू आपल्या आवडीच्या यादीत जाते. हिलाच विशलिस्ट म्हणतात. मिंत्रावर आपण सगळेच शर्टासमोर दाबतो आणि महिनाअखेर असल्यामुळे घेत काहीच नाही, तेच ते!

झालं असं होतं. सुरुवातीला आम्ही एक फुकट विशलिस्ट ॲप बसवलं. फुकटात महिन्याला ठराविक नोंदी, ही अट आम्ही वाचलीच नव्हती. ऐन दिवाळीत नोंदी संपल्या आणि बटण गुपचूप बंद पडलं. चिडून जानेवारीत ते ॲप काढलं आणि दुसरं टाकलं. बदाम नवा आला, पण जुन्या ॲपबरोबर जुन्या याद्याही गेल्या. ॲपचं नाव सांगत नाही, कारण चूक बरीचशी आमचीच. निवडताना आम्ही फक्त बदामाचा रंग बघितला होता!

तर मित्रांनो, 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' या न्यायानं हा लेख. आपल्यापैकी अनेकांच्या घरी विकण्यासारखं काहीतरी असतं. कुणाची हळद, कुणाचा गूळ, कुणाच्या आईचे मसाले. उद्या दुकान ऑनलाइन न्यायचं ठरलं, तर विशलिस्टचं ॲप निवडताना काय बघायचं?

आधी दुकान कसलं ते बघा

कवठे महांकाळ म्हणजे सांगली जिल्ह्याचा पूर्वेकडचा दुष्काळी पट्टा. पाऊस कमी, हवा कोरडी. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेतून कृष्णेचं पाणी वर आलं तसा बागांना आधार मिळाला, आणि जी कोरडी हवा शाप वाटायची तीच बेदाण्याला वरदान ठरली. नागजकडे जाताना रस्त्याच्या कडेला शेडच्या रांगा दिसतात, त्या बेदाण्याच्या. थॉमसन सीडलेस, सोनाका, माणिक चमन अशा बिनबियांच्या द्राक्षांचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात. त्यानं सालीवरच्या मेणचट थराचा अडसर कमी होतो आणि आतलं पाणी लवकर उडतं. मग शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत वाळवण. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. हंगाम मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल. पुढं प्रतवारी, कोल्ड स्टोअरेज आणि तासगाव-सांगलीचे सौदे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

हे सगळं पुराण कशाला? कारण इथंच आमची पहिली चूक झाली. मिंत्रावर बदाम दाबणारा म्हणतो, "हे मला आवडलं." बेदाण्याच्या दुकानात बदाम दाबणारा म्हणतो, "नवा माल आला की सांगा," किंवा "भाव उतरला की कळवा." पहिल्याला यादी हवी असते, दुसऱ्याला निरोप हवा असतो. दुकान कपड्यांचं असेल तर छान दिसणारी यादी कामाची. दुकान हंगामी मालाचं असेल तर निरोप न पाठवणारं ॲप म्हणजे नुसता शोभेचा बदाम. तेव्हा ॲपची जाहिरात वाचण्याआधी एका कागदावर एकच वाक्य लिहा: माझं गिऱ्हाईक हे बटण दाबून मला नक्की काय सांगतंय?

ही युक्ती तशी जुनीच

विशलिस्ट काही इंटरनेटनं शोधलेली नाही. लग्नाचा बस्ता आठवा. अख्खं घर दुकानात गादीवर बसलंय, समोर साड्यांचा ढीग, आणि आत्याबाई म्हणतायत, "ही बाजूला ठेवा, ती पण ठेवा, मग बघू." ती 'बाजूला ठेवा'ची थप्पी म्हणजेच विशलिस्ट. दुकानदार हुशार असेल तर थप्पीकडं बघूनच ओळखतो की मंडळींचं बजेट किती आणि मन कुठल्या रंगावर आहे.

अमेरिकेत याचा दुसरा प्रकार निघाला. शिकागोच्या मार्शल फील्ड्स या दुकानानं १९२४ मध्ये नवरा-नवरीनं हव्या त्या वस्तूंची यादी दुकानात ठेवायची आणि पाहुण्यांनी त्यातलं काही आहेर म्हणून द्यायचं, अशी सोय केली. पुढं १९९९ च्या सुमारास ॲमेझॉननं विशलिस्ट आणली आणि ही यादी इंटरनेटवर आली. म्हणूनच आजही कित्येक ॲपमध्ये 'यादी पाहुण्यांना पाठवा' हे मोठं वैशिष्ट्य म्हणून मिरवतं आणि त्याचे पैसेही घेतात. आपल्याकडं पत्रिकेवरच 'कृपया आहेर आणू नये' छापतात! बेदाण्याच्या दुकानाला त्याची काय गरज? जे लागणार नाही त्याचं भाडं भरू नका.

यादी राहते कुणाच्या घरात?

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. आम्ही नेमका हाच विचारला नव्हता.

ऑनलाइन दुकान उभं करायच्या सोयी बऱ्याच आहेत. मॅजेंटो आणि ओपनकार्ट यांच्यात विशलिस्ट मुळातच असते, वेगळं ॲप लागत नाही. वर्डप्रेसवर चालणाऱ्या वूकॉमर्समध्ये ती मुळात नाही, यिथसारख्या कंपन्यांचं प्लगिन टाकावं लागतं. शॉपिफायमध्येही ती मुळात नाही, त्यांच्या ॲप स्टोअरमधून घ्यावी लागते.

वरवर बघता हा फरक किरकोळ वाटतो, पण आत मोठा आहे. वूकॉमर्सच्या प्लगिनच्या नोंदी साधारणपणे तुमच्याच सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये, एखाद्या टेबलात बसतात. प्लगिन बंद केलं तरी टेबल तुमच्या हाताशी. शॉपिफायच्या बहुतेक ॲपमध्ये मात्र यादी ॲपवाल्या कंपनीच्या सर्व्हरवर राहते. म्हणजे गिऱ्हाईक तुमचं, बेदाणा तुमचा, पण कुणाला काय हवं ही वही शेजाऱ्याच्या कपाटात. त्यात शॉपिफायचा नियम असा की ॲप काढल्यावर ४८ तासांनी 'या दुकानाचा डेटा पुसा' असा आदेश ॲपवाल्याकडं जातो. गिऱ्हाइकाच्या खासगीपणासाठी हा नियम चांगलाच आहे. पण आपण आधी प्रत काढून ठेवली नसेल तर नंतर डोक्याला हात!

म्हणून ॲप बसवायच्या आधी विचारायचं: सगळ्या नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढता येतात का? त्या फाइलमध्ये गिऱ्हाइकाचं नाव-नंबर असतो की नुसत्या "अमुक वस्तू इतक्या वेळा" अशा बेरजा? आणि ही सोय फुकट योजनेत आहे की महागड्या? बेरजेची फाइल आकडेमोडीला बरी, पण तिच्यावरून एकालाही फोन करता येत नाही.

आणखी पाच प्रश्न

१. लॉगिन न करणाऱ्याचं काय? आपलं गिऱ्हाईक खातं उघडत बसत नाही. अशा वेळी ॲप यादी बहुधा त्याच्या मोबाइलच्या ब्राउझरमध्येच, लोकल स्टोरेजमध्ये ठेवतं. मोबाइल बदलला की यादी गेली. ॲपलच्या सफारीत तर मार्च २०२० पासून नियमच आहे: ब्राउझर वापरात असूनही सात दिवस एखाद्या साइटकडं फिरकला नाहीत, तर तिच्या स्क्रिप्टनं साठवलेलं पुसलं जातं. बेदाण्याचं गिऱ्हाईक दिवाळीत बदाम दाबून मार्चमध्ये परत येणार. सात दिवसांत कसलं येतंय! तेव्हा बदाम दाबताक्षणी नुसता मोबाइल नंबर मागणारं ॲप बरं. पुढं त्यानं लॉगिन केलंच, तर आधीची यादी खात्यातल्या यादीत मिसळते की पुसली जाते, हेही तपासा.

२. नोंद वस्तूची की नगाची? हिरवा, पिवळा, काळा असे तीन प्रकार, आणि पाव किलो, अर्धा किलो, एक किलो अशी तीन वजनं. झाले नऊ पर्याय. ॲप जर नुसतं 'बेदाणा' एवढंच लिहून ठेवत असेल, तर काळ्या पाव किलोची वाट बघणाऱ्याला पिवळा एक किलो आल्याचा निरोप जाणार. दोनदा असं झालं की माणूस तिसऱ्यांदा निरोप वाचत नाही.

३. निरोप कशानं जातो? बरीच परदेशी ॲप्स फक्त ई-मेल पाठवतात. आपल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ भागातली गलाईवाली मंडळी सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभर पसरली आहेत. गावचा बेदाणा मागवणारं हे हक्काचं गिऱ्हाईक. यांच्यापैकी ई-मेल रोज कोण उघडतं? व्हॉट्सॲप मात्र सगळे बघतात. पण धंद्याचे आपोआप जाणारे व्हॉट्सॲप निरोप पाठवायला गिऱ्हाइकाची संमती, आधी मंजूर केलेला मजकूर आणि पैसे, तिन्ही लागतं. एसएमएससाठीही ट्रायच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो. ॲपच्या भाड्यात हा खर्च धरलेला नसतो. आणि हो, निरोप मराठीत लिहिता येतो का? देवनागरीच्या जागी चौकोन उमटत असतील तर नमस्कार करून पुढं चला.

४. पान जड होतं का? बदाम दिसतो एवढासा, पण त्याच्यामागं परक्या सर्व्हरवरून येणारी स्क्रिप्ट असते. क्रोममधल्या लाइटहाउसवर ॲपशिवाय आणि ॲपसकट अशी दोनदा चाचणी घ्या, नेट मुद्दाम मंद ठेवून. पानावरचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा आणि बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत हालचाल व्हावी, ही गूगलनं घातलेली 'चांगलं' म्हणायची मर्यादा. बदामापायी फोटोच उशिरा उघडत असेल, तर कशाला हवाय तो बदाम?

५. संमती घेतली का? नाव, नंबर आणि आवड ही खासगी माहिती आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये टप्प्याटप्प्यानं लागू व्हायला सुरुवात झाली. तेव्हा बटणाखाली "माल आल्यावर कळवू का?" असं साध्या शब्दांत विचारा. 'नको' म्हणायची सोय ठेवा. 'हो' म्हणणाऱ्यालाही रोज शुभ सकाळ पाठवू नका!

हिशोब करा की राव

इंजिनिअरिंगला आलो म्हणून बेरीज-वजाबाकी विसरलो, असं होऊ नये. समजा, ॲपचं भाडं महिना १,००० रुपये आणि एका किलोमागं सगळा खर्च जाऊन हातात ४० रुपये उरतात. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. मग १,००० भागिले ४०, म्हणजे दर महिन्याला २५ किलो बेदाणा जादा खपला तर ॲपचं भाडं निघालं. वर्षाला ३०० किलो. एका किलोला चार किलो द्राक्षं धरली तर १,२०० किलो द्राक्षं नुसत्या त्या बदामापायी! हा हिशोब रूम पार्टनरच्या वडिलांना फोनवर सांगितला तेव्हा आबा पलीकडून एवढंच म्हणाले, "पोरांनो, बाग मी छाटतो, तुम्ही खर्च छाटा की जरा."

तेव्हा भाडं बघताना तीन गोष्टी बघा. मर्यादा कशावर आहे, नोंदींवर की निरोपांवर? मर्यादा संपल्यावर काय होतं, बटण बंद पडतं की आपोआप वरच्या योजनेचे पैसे कापले जातात? आणि आपला गर्दीचा महिना कुठला? वर्षाची सरासरी काढू नका. गणपती ते दिवाळीचा ताण ॲपला झेपतोय का, ते बघा.

घेण्याआधी घासून बघा

बहुतेक ॲप काही दिवस फुकट वापरून बघता येतात. ते दिवस मजेत घालवू नका, ही परीक्षा घ्या. होस्टेलमध्ये मोबाइलना तोटा नाही.

एका मोबाइलवर लॉगिन न करता बदाम दाबा आणि आठ-दहा दिवसांनी परत बघा. दुसऱ्या मोबाइलवर लॉगिन करून यादी येते का बघा. एक पर्याय 'संपला' करा, मग 'आला' करा. निरोप कुणाला आणि किती वेळानं जातो ते लिहून ठेवा. भाव दहा रुपयांनी उतरवा, भावाचा निरोप जातो का बघा. सगळ्या नोंदी फाइलमध्ये काढून ती एक्सेलमध्ये उघडा, मराठी नावं नीट दिसतात का तपासा. आणि शेवटी चाचणीच्या दुकानातून ॲप काढून टाका. पानावर तुटका बदाम किंवा मागं राहिलेली स्क्रिप्ट दिसते का? जुन्या पद्धतीची ॲप्स दुकानाच्या थीममध्येच आपला कोड घुसवायची आणि जाताना तो तसाच सोडून जायची. हा प्रकार अजूनही कुठं कुठं सापडतो. पाहुणा येताना कसा येतो यापेक्षा जाताना कसा जातो, यावरून त्याची पारख होते.

आपणच बनवलं तर?

कॉम्प्युटरवाले म्हणतील, यात काय, प्रोजेक्ट म्हणून आपणच बनवू. वूकॉमर्ससारखं स्वतःच्या सर्व्हरवरचं दुकान असेल तर जरूर बनवा. टेबल एकच पुरतं: गिऱ्हाईक, पर्यायाचा क्रमांक, नोंदीची तारीख, त्या दिवशीचा भाव, निरोपाची संमती आणि निरोप गेल्याची तारीख. गिऱ्हाईक आणि पर्याय यांची जोडी युनिक ठेवा, नाहीतर एकाच बदामावर चारदा टिचकी मारणाऱ्याला चार निरोप जातील. 'त्या दिवशीचा भाव' हा रकाना विसरू नका, कारण तो नसेल तर भाव उतरला हे ठरवणार कशावरून? पण एक लक्षात घ्या. प्रोजेक्ट मे महिन्यात संपतो, दुकान त्यानंतरही चालू राहतं. सबमिशन झाल्यावर बघणारं कुणी नसेल तर भाड्याचं ॲप परवडलं.

आणि खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी ॲप लागतंच असं नाही. महिनाभर व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये 'नवा माल हवा' असं एक लेबल करून विचारणाऱ्यांना ते लावत जा. लेबलाखाली पाच-दहाच माणसं जमली, तर हातानंच निरोप पाठवा. आकडा हाताबाहेर जायला लागला की ॲप शोधा. तोवर गिऱ्हाईक काय विचारतं हेही कळलेलं असतं.

मग त्या रात्री काय झालं?

आम्ही तिघं तोंडं पाडून बसलो होतो. रूम पार्टनरनं घरी फोन लावला. काकू जाग्याच होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मशिनमधलं मला काय कळत न्हाई. पर फोनवर इचारणाऱ्यांची नावं मी वहीत घातल्यात, ती देऊ का?"

दुसऱ्या दिवशी वहीच्या पानांचे फोटो आले. नाव, गाव, फोन, हिरवा का काळा, किती किलो, तेव्हा सांगितलेला भाव, आणि पुढं 'नवीन आल्यावर सांगणे'. आम्ही ज्याला टेबलाची रचना म्हणत होतो, ती काकूंनी निळ्या पेनानं आधीच केलेली! त्या वहीवरून फोन लागले आणि त्या हंगामाच्या पहिल्या ऑर्डरी तिथूनच आल्या. बदाम दाबणाऱ्यांपैकी जे वहीत नव्हते, ते मात्र कायमचे हुकले. त्यांनी आपल्याला सांगून ठेवलं होतं आणि आपण विसरलो, ही रुखरुख आजही आहे.

आता दुकानात नवं ॲप आहे, साधंच. दर महिन्याच्या एक तारखेला रूम पार्टनर यादीची फाइल काढून घरच्या कॉम्प्युटरवर ठेवतो. काकूंची वहीही चालूच आहे.

थोडक्यात काय, बदाम कुठल्याही ॲपचा घ्या, पण यादी आपल्या घरात ठेवा. गिऱ्हाइकानं "कळवा" म्हणणं हा त्याचा विश्वास असतो, आणि विश्वास भाड्याच्या कपाटात ठेवायचा नसतो. बघा पटतंय का! आणि कुणाच्या घरी असं दुकान काढायचं चाललं असेल तर रूमवर या. चहा तुमचा, बेदाणा आमचा!